सुओना शिकताना: चिनी सनईची निवड, पत्ती, फुंक आणि तिचा इतिहास

चीनमध्ये पत्तीवर वाजणारी वाद्ये अनेक आहेत. शंग या वाद्यात धातूच्या पत्त्या मोकळ्या थरथरतात, म्हणजे आपल्या हार्मोनियमचेच तत्त्व तिथे बांबूच्या नळ्यांमध्ये दिसते. ग्वान ही सरळ पोकळीची छोटी नळी असून तिची पत्ती बरीच रुंद असते. सुओना मात्र मराठी वाचकाला पाहताक्षणी ओळखीची वाटते, कारण लाकडी निमुळती नळी, वरच्या टोकाला दुहेरी पत्ती आणि खाली पसरलेला धातूचा कर्णा ही तिची घडण आपल्या सनईचीच आहे. ही दोन्ही वाद्ये इराण, अरबस्तान आणि मध्य आशियात वाजणाऱ्या सुरना घराण्यातली आहेत. ओळखीच्या घडणीमुळे सनई ऐकून मोठा झालेला माणूस सुओना हातात घेतो तेव्हा त्याला अर्धे काम झाल्यासारखे वाटते, परंतु तोंडात पत्ती धरण्याची रीत, बोटांची मांडणी आणि आवाजाचा बाज या तिन्ही बाबतींत त्याला नव्याने सुरुवात करावी लागते. ती सुरुवात कशी करावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. इतिहासही सोबत येतो, कारण हे वाद्य आज असे का वाजते याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

वाद्य कुठून आले आणि कुठे वाजले

सुओना चीनमध्ये नेमकी केव्हा पोहोचली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शिंच्यांगमधील किझिल येथील बौद्ध लेण्यांत अडतिसाव्या क्रमांकाच्या लेण्यामध्ये सुओनासारखे वाद्य वाजवणारी आकृती भिंतीवर रंगवलेली आहे. काहीजण तिच्या आधारे हे वाद्य फार प्राचीन काळी तिथे आले असे मानतात, तर काहींच्या मते ते चित्रण मागाहून केलेले आहे. लिखित पुरावा ठामपणे मिळतो तो मिंग राजघराण्याच्या काळात. सोळाव्या शतकाच्या आरंभीचा काओयू गावचा कवी वांग पान याने कालव्यातून ये-जा करणाऱ्या दरबारी खोजांच्या नौकांवर एक उपहासात्मक रचना केली. नौका आली की कर्णे आणि सुओना घुमू लागत आणि काठावरच्या लोकांच्या छातीत धडकी भरे, कारण नौकेबरोबर वसुली आणि जुलूमही येत. या वाद्याची चाल छोटी पण आवाज मोठा, हे त्याने त्या खोजांवर टीका करण्यासाठी म्हटले असले तरी वाद्याचे वर्णन म्हणून ते आजही अचूक आहे.

त्याच शतकात झज्यांगच्या किनाऱ्यावर चाच्यांशी लढणारा सेनापती छी चीग्वांग याने 1560 च्या सुमारास लिहिलेल्या लष्करी ग्रंथात सुओनाला सैन्यातील इशारावाद्य म्हणून स्थान दिले. तिचा आवाज आला की तुकड्यांच्या अंमलदारांनी सेनापतीपुढे हजर होऊन हुकूम घ्यावेत, असा तो नियम होता. छावणीच्या गलबल्यातून पलीकडे ऐकू जाणारे वाद्य त्याला हवे होते आणि ते त्याला सुओनात मिळाले.

पुढे हे वाद्य सैन्यातून गावात पोहोचले आणि तिथे पक्के रुजले. लग्न, अंत्ययात्रा, देवळाची जत्रा, नववर्षाचा यांगको नाच, पेकिंग ऑपेरामधील सेनापतींचे प्रवेश आणि मेजवान्या, या सर्व ठिकाणी सुओना लागते. शांतुंग, हपै, शान्शी, षान्शी आणि ईशान्येकडील ल्याओनिंग या प्रांतांत तिच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत. ढोल, झांजा आणि शंग यांच्या साथीने सुओना वाजवणाऱ्यांचे ताफे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. तरीही वाजवणाऱ्या माणसाला समाजात मान नव्हता. संगीताचा व्यवसाय ज्यांच्यावर वंशपरंपरेने लादला होता अशा कुटुंबांचा हीन कायदेशीर दर्जा 1723 मध्ये युंगचंग सम्राटाने रद्द केला, पण लोकांच्या मनातला भेद लगेच गेला नाही. ज्यांच्या वाजवण्यावाचून आपले कोणतेही मंगलकार्य सुरू होत नसे, त्या घडशी आणि होलार वादकांच्या वाट्याला महाराष्ट्रात काय आले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर चित्र पालटू लागले. शांतुंगमधील च्याश्यांगचे वादक रन थुंगश्यांग यांनी 1953 मध्ये बुखारेस्ट येथील जागतिक युवक महोत्सवात ‘शंभर पक्ष्यांचे फिनिक्सला वंदन’ ही पारंपरिक रचना वाजवून पारितोषिक मिळवले. नंतर संगीत महाविद्यालयांत सुओना हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जाऊ लागला, चाव्या बसवलेल्या मध्यम आणि खर्जाच्या सुओना तयार झाल्या, आणि 2006 मध्ये सुओनावादनाचा समावेश चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत झाला.

शिकणाऱ्याने यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे वाद्य उघड्या माळासाठी, मिरवणुकीसाठी आणि छावणीसाठी घडले आहे. मोठा आवाज काढणे त्यात अवघड नाही, कारण तो वाद्याच्या घडणीतच आहे. अवघड आहे तो आवाज आवरणे, आणि माझ्या मते सुरुवातीच्या काळातला सगळा रियाज त्यासाठीच असतो.

कोणती सुओना घ्यावी

सुओना अनेक आकारांत मिळते. हायती नावाची सर्वांत छोटी आणि अतिशय तीक्ष्ण सुओना नवशिक्याने घेऊ नये. सोलापूरकडची सुंदरी ज्यांनी ऐकली आहे त्यांना छोट्या नळीचा मोह होईल, पण छोट्या वाद्यात फुंकेतला किंचित फरकही सूर ढळवतो. फार मोठ्या सुओनाला दमसास जास्त लागतो आणि तिची छिद्रे बोटांच्या आवाक्यात येत नाहीत. म्हणून डी पट्टीची, म्हणजे आपल्या हार्मोनियमच्या भाषेत पांढरी 2 ची मधल्या आकाराची सुओना घ्यावी. बहुतेक शिक्षक हीच सुचवतात आणि नवशिक्यांसाठीचे बहुतेक स्वरलेखन याच वाद्यासाठी लिहिलेले असते.

वाद्याचे भाग पाच. छिद्रांची लाकडी नळी, तिच्या वरच्या तोंडात बसणारी पितळी फुंकणी, फुंकणीवरची गोल चकती, टोकाची पत्ती आणि खालचा कर्णा. विकत घेताना नळी उजेडात धरून आतून पाहावी. लाकडाचे तंतू सरळ असावेत, कर्ण्याच्या बाजूला आणि छिद्रांच्या कडांना बारीकशीही भेग नसावी. फुंकणी नळीत घट्ट बसली पाहिजे. ती हलत असेल तर तिच्यावर सुती दोऱ्याचे वेढे वाढवता येतात, पण दोरा घालूनही हवा निसटत असेल तर ते वाद्य नाकारावे. कर्णा थोडा वर-खाली सरकणारा असतो, त्याने खालचे सूर किंचित जुळवून घेता येतात. शेवटी सगळी छिद्रे बंद करून खालचा सूर आणि जोर वाढवून त्याचाच वरच्या सप्तकातला सूर वाजवून, किंवा जाणकाराकडून वाजवून घेऊन, दोन्ही एकमेकांशी जुळतात का हे कानाने तपासावे. नळीची पोकळी निमुळती असल्यामुळे जोर वाढवताच सूर बरोबर एक सप्तक वर उडी घेतो. ही उडी बेसूर असेल तर नळीच्या घडणीत दोष आहे आणि तो रियाजाने जाणार नाही.

पत्ती: सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

वाद्य कितीही महाग असले तरी त्याचा सूर पत्तीवर ठरतो. सुओनाची पत्ती बोरूच्या जातीच्या पाणवेताच्या काडीची असते. काडीचा तुकडा सोलून पातळ करतात, गरम चिमट्याने त्याचे तोंड चपटे करतात आणि बुडाशी तांब्याची बारीक तार आवळून बांधतात. तयार पत्ती समोरून उघडलेल्या पंख्यासारखी दिसते. टोकाकडून पाहिले तर दोन पात्यांमध्ये मध्यभागी किंचित रुंद आणि दोन्ही कडांना मिटलेली अशी फट दिसते. वादनाचे पुष्कळसे गणित या फटीत आहे.

कोरडी पत्ती कधीही फुंकू नये, ती चिरते. वाजवण्याआधी तिचे टोक कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवावे किंवा ओठांत धरून ओली करावी. कडक असलेली पत्ती हळूहळू मऊ होते आणि फट थोडी उघडते. ती फार उघडली तर पत्ती जड वाटते, सूर फुटायला जोर लागतो आणि आवाज भसाडा येतो. अशा वेळी बोटाच्या चिमटीत पत्तीच्या सपाट बाजू अलगद दाबून फट मिटवावी. फट फारच मिटलेली असेल तर सूर पातळ येतो, वर चढतो किंवा मधेच बंद पडतो. तेव्हा कडांच्या बाजूने, म्हणजे दोन्ही टोकांकडून आत, हलका दाब द्यावा म्हणजे मधली फट उघडते. हे दाब ओल्या पत्तीवरच द्यावेत.

एवढे करूनही पत्ती जडच राहिली तर ती अतिशय बारीक सॅंडपेपरने घासता येते. दोन्ही पात्यांवर सारखेच, टोकाकडच्या भागात, दोन-चार हलके हात फिरवावेत आणि प्रत्येक वेळी वाजवून पाहावे. घाई केली तर पत्ती गेलीच, कारण काढलेला भाग परत लावता येत नाही. उलट पत्ती फार मऊ झाली असेल तर टोक केसाएवढे कापल्याने ती पुन्हा सावरते.

पत्ती वाद्याला लावण्याआधी ती एकटीच तोंडात धरून फुंकावी. चांगली पत्ती लगेच बोलते, तिचा आवाज भरदार असतो आणि फुंक कमी-जास्त केली तरी तो तुटत नाही. एका वेळी तीन-चार पत्त्या तयार ठेवून त्या आलटून पालटून वापराव्यात, म्हणजे प्रत्येकीला वाळायला अवधी मिळतो आणि एखादी ऐनवेळी चिरली तर अडत नाही. प्लॅस्टिकच्या पत्त्याही मिळतात. त्या टिकतात, भिजवाव्या लागत नाहीत आणि पहिल्या काही आठवड्यांत उपयोगी पडतात, परंतु वेताच्या पत्तीत जो लवचीक, बोलका सूर आहे तो त्यांच्यात नाही, म्हणून त्यांची कायमची सवय लावून घेऊ नये.

ओठ आणि फुंक

ओठ दातांवर किंचित आत वळवून पत्ती ओठांच्या मध्ये धरावी. दात पत्तीला कधीही लागू नयेत. फुंकणीवरची चकती, जी आपल्या सनईला सहसा नसते, ओठांना बाहेरून टेकते. तिच्यामुळे ओठांना आधार मिळतो आणि कडांतून हवा निसटत नाही. ही चकती ओठांवर दाबून धरण्याचा मोह सुरुवातीला सगळ्यांना होतो, पण तसे केल्यास ओठ लवकर थकतात आणि रात्री सुजल्यासारखे वाटतात. टेकणे पुरेसे आहे.

खालच्या सुरांसाठी पत्ती थोडी कमी आत आणि ओठ सैल ठेवावेत. वरच्या सुरांसाठी पत्ती थोडी अधिक आत घेऊन फुंकेचा दाब वाढवावा. सूर चढवण्यासाठी ओठ आवळत राहिले तर पत्ती मिटते आणि सूर आणखी बिघडतो, हे समजायला काही दिवस लागतात. दाब पोटातून यावा. श्वास घेताना खांदे उचलले जात असतील तर श्वास उथळ आहे असे समजावे. रोजच्या साध्या वादनात गाल फुगवू नयेत.

पहिले काही आठवडे फक्त लांब सूर लावावेत. एक सूर धरायचा, तो हळू सुरू करून वाढवायचा, पुन्हा हळू करत संपवायचा आणि या साऱ्या वेळात तो तानपुऱ्याच्या किंवा ट्यूनरच्या सुरापासून ढळू द्यायचा नाही. सुओनात मोठी फुंक सूर चढवते आणि हळू फुंक उतरवते, त्यामुळे हळू वाजवताना सूर टिकवणे हाच खरा कस आहे. कंटाळवाणा वाटला तरी हा रियाज टाळू नये. जो वादक धीम्या आवाजात सुरात राहू शकतो, त्याला मोठ्या आवाजाची चिंता करावी लागत नाही.

बोटे आणि स्वर

नळीला समोर सात आणि मागे एक अशी आठ छिद्रे असतात. मागचे छिद्र, जे सनईवाल्याला नवे असते, वरच्या हाताच्या अंगठ्याने झाकायचे असते. वर डावा हात धरला तर त्याची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका समोरची वरची तीन छिद्रे झाकतात आणि खालची चार छिद्रे उजव्या हाताची चार बोटे झाकतात. खालच्या हाताचा अंगठा नळीला मागून फक्त आधार देतो. छिद्रे मोठी असल्याने बोटांची टोके पुरत नाहीत. बोटे जवळजवळ सरळ ठेवून त्यांच्या मांसल भागाने छिद्र झाकावे. सूर किंचित फुसका आला तर आधी कोणत्या बोटाखालून हवा सुटते ते पाहावे. बहुधा ती करंगळी असते.

छिद्रे खालून मोजतात. सगळी बंद असताना डी पट्टीच्या सुओनावर पांढरी 6 चा सूर मिळतो, जो खालचा पंचम मानला जातो. पहिले छिद्र उघडले की धैवत, दुसरे उघडले की निषाद आणि तिसरे उघडले की षड्ज. चौथ्याला ऋषभ आणि पाचव्याला गांधार मिळतो. सहाव्याला मध्यम येतो, पण तो आणि निषाद दोन्ही ओठांच्या किंचित चढ-उताराने सांभाळून घ्यावे लागतात, कारण छिद्रांमधील अंतरे जवळजवळ सारखी असतात. वरच्या सप्तकासाठी हीच बोटे ठेवून फुंकेचा दाब वाढवायचा. एकूण आवाका दोन सप्तकांहून थोडा जास्त आहे.

चिनी स्वरलेखन वाचणे मराठी वाचकाला जड जाऊ नये. त्यात षड्जासाठी 1, ऋषभासाठी 2 असे 7 पर्यंतचे आकडे असतात, वरच्या सप्तकासाठी आकड्यावर टिंब आणि खालच्यासाठी आकड्याखाली टिंब देतात. भातखंडे पद्धतीतही मंद्र आणि तार सप्तकांची खूण अशीच आहे. आकड्याखाली रेघ असेल तर त्याचा काळ अर्धा होतो आणि पुढे आडवी रेघ असेल तर सूर एक मात्रा लांबतो.

चिनी लोकधुनांचा मोठा भाग पाच स्वरांत आहे आणि त्यांपैकी सा, रे, ग, प, ध हा संच आपण भूप रागात रोज ऐकतो. इथे एक सावधगिरी घ्यावी लागते. हात आपोआप भूपाच्या चालीने फिरू लागतो आणि न्यास (ज्या स्वरावर चाल टेकते तो), विराम, स्वरसंगती सगळे भूपाचे होते. ते कानाला गोड लागते, पण ती सुओना होत नाही. चिनी चालींत पंचम किंवा धैवत हाच घरचा स्वर असतो असे पुष्कळदा आढळते, म्हणून एखादी धून शिकण्याआधी ती कुठे येऊन थांबते हे अनेक वेळा ऐकून घ्यावे.

जीभ, मींड आणि अखंड श्वास

सूर स्वच्छ सुरू करण्यासाठी जिभेच्या टोकाने पत्तीच्या टोकाला हलका स्पर्श करून ‘तु’ म्हटल्यासारखी हालचाल करावी. लय वाढली की ‘तु-कु तु-कु’ असे दोन ठिकाणांहून म्हणावे लागते. सूर घसरवण्याची करामत सुओनाचा जीव आहे आणि ती बोट छिद्रावरून हळू सरकवून व ओठ सैल करून, अशा दोहोंनी मिळून साधते. मींड ज्यांच्या कानात आहे त्यांना ती लवकर येते. जीभ तोंडात थरथरवून काढलेला खरखरीत सूर आणि पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल ही पुढच्या टप्प्यातली कामे आहेत. रन थुंगश्यांग यांनी गाजवलेल्या रचनेत अशा पक्षीआवाजांची रेलचेल आहे, पण नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करू नये.

अखंड श्वास मात्र लवकर सुरू करावा. गालांत थोडी हवा साठवायची, ती गालांनी बाहेर ढकलत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. पेल्यातल्या पाण्यात नळी बुडवून बुडबुडे थांबू न देण्याचा सराव वाद्याशिवाय करता येतो. ते जमले की पत्तीवर आणि मग एका सोप्या मधल्या सुरावर करावे. आपल्याकडे सनईच्या जोडीला बसून सूर देणारे साथीदार हेच तंत्र तासन्‌तास वापरतात. तुमच्या ओळखीत असा कोणी वादक असेल तर त्याच्याजवळ बसून त्याचे गाल आणि नाक यांची हालचाल पाहावी, कारण ती वाचून समजण्यापेक्षा पाहून लवकर समजते.

रियाजाची जागा आणि वाद्याची निगा

बंद खोलीत सुओना वाजवणे स्वतःच्या कानांनाही अपायकारक आहे. शक्यतो मैदान, टेकडी किंवा गच्ची निवडावी आणि खोलीत वाजवायचेच असेल तर कानांत बोळे घालावेत. कर्ण्यात मऊ कापड कोंबल्याने आवाज थोडा कमी होतो, पण खालचे सूर त्याने बदलतात, म्हणून सुरांचा रियाज कापड काढूनच करावा.

वाजवून झाल्यावर पत्ती काढून कोरड्या फडक्याने टिपावी आणि हवा खेळेल अशा डबीत ठेवावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बंद डबीतल्या पत्तीला बुरशी धरते. नळी आतून मऊ फडक्याने पुसावी. विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून भेगाळू नये म्हणून अधूनमधून बदामाच्या तेलाचा अगदी पातळ हात आतून फिरवावा, पण ते तेल पत्तीला लागू देऊ नये. वाद्य गाडीत उन्हात सोडू नये.

पहिली धून म्हणून पेकिंग ऑपेरा आणि ताफ्यांत वाजणारी ‘श्याओ खायमन’ ही छोटी पारंपरिक चाल घ्यावी. तिचा आवाका मर्यादित आहे, लय मध्यम आहे आणि लांब सुरांचा रियाज तिच्यात थेट उपयोगी पडतो. ती एकाच पत्तीवर, धीम्या आवाजात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सूर न ढळता वाजू लागली की मग जी पट्टीची, म्हणजे पांढरी 5 ची मोठी सुओना हातात घ्यायला हरकत नाही.